‘मी’ या सर्वनामाचे लिंग

(१)

मराठी व्याकरणाचा जो भाग आमच्या मुलांस उपजत येतो आणि परप्रांतीयांस जन्मभर अवघड जातो, तो लिंगविचाराचा होय. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आपले व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे पाऊण शतकाने, १९११ साली, मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ आला. या सर्व काळात पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग ही त्रयी आमच्या वैयाकरणांनी कसोशीने सांभाळली. दगड पुरुष का, भिंत स्त्री का, आणि घर या दोहोंपैकी कोणीच का नव्हे, यास रूढीवाचून दुसरे उत्तर नाही. तथापि या त्रयीतून एक शब्द मात्र सुटलेला आहे. तो म्हणजे ‘मी’. बोलणारा पुरुष असो वा स्त्री असो, ‘मी’चे रूप पालटत नाही. पालटते ते क्रियापद. ‘मी गेलो’ म्हटले की बोलणारा पुरुष ठरला. ‘मी गेले’ म्हटले की स्त्री ठरली.

आपणांपैकी बहुतेकांस यात विचार करण्याजोगे काही आहे असे जन्मात कधी वाटलेले नसते. परंतु ज्याच्या देहावरून जगाने एक निर्णय केला आणि ज्याच्या मनाने दुसराच केला, अशा मनुष्यास मराठीत तोंड उघडताक्षणीच या प्रश्नास सामोरे जावे लागते. इंग्रजी बोलणारास ही अडचण नाही. त्या भाषेत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. बंगालीत क्रियापदांस लिंगच नाही. तमिळमध्येही ‘मी’चे क्रियापद स्त्रीपुरुषांस सारखेच असते, भेद उत्पन्न होतो तो तृतीयपुरुषात, म्हणजे दुसरे लोक आपणांविषयी बोलू लागले म्हणजे. मराठी आणि तिची भगिनी हिंदी या दोन भाषा मात्र बोलणाराकडूनच कबुली घेतात.

आणि नपुंसकलिंग? कायद्याच्या भाषेत अलीकडे ‘तिसरे लिंग’ हा शब्द रूढ झाल्यामुळे, तीन लिंगे असलेल्या मराठीत या मंडळींची सोय आधीच झालेली आहे, असा भोळा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः मराठीने हे लिंग लेकरास, वासरास, झाडास आणि घरास दिले. ‘मी’ म्हणणाऱ्या प्रौढ मनुष्यास व्यवहारात ते उपलब्ध नाही, आणि दुसऱ्याने ते त्यास लावले तर तो उपमर्द होतो. ‘नपुंसक’ या शब्दात मनुष्याची ओळख त्याच्या ठायी काय नाही यावरून केली आहे. त्या मानाने ‘तृतीयपंथी’ हा मराठीने घडविलेला शब्द पुष्कळच उदार म्हटला पाहिजे. ज्या भाषेत वारकऱ्यांचा पंथ आहे, महानुभावांचा पंथ आहे, तीत पंथ म्हणजे देहातले व्यंग नव्हे, चालण्याची वाट. ही वाट ज्यांची आहे त्यांस मराठी वाङ्मयाने कसे वागविले, आणि वाङ्मयात जे घडले त्यावरून कायद्याच्या गुणदोषांविषयी काय कळते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

या विषयावरील मराठी पुस्तकांत प्रथम विचार करावयाचा तो लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचा. वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले हे पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ असे आहे. या नावाकडे कोणी वैयाकरणाच्या दृष्टीने पाहिले आहे की नाही न कळे. परंतु ते पाहण्याजोगे आहे. त्यात ‘मी’ दोनदा आला आहे आणि क्रियापद एकदाही नाही. पहिल्या ‘मी’पुढे आकारान्त पुल्लिंगी नाम, दुसऱ्यापुढे स्त्रीचे, किंबहुना देवीचे नाव, आणि ज्या क्रियापदाने या दोहोंचा निवाडा करावयाचा ते गाळलेले. जगाने दिलेली शिवी आणि स्वतः घेतलेले नाव ही एकाच ओळीत शेजारी बसविली आहेत, आणि दोन्हींवर सांगणारीचा हक्क सारखाच चालतो. हे बुद्ध्या केले असो वा सहज साधले असो, पुस्तकाचे सार त्यात आले आहे.

ठाण्यात वाढलेले, उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबातले एक मूल, नृत्याची विलक्षण ओढ, चालण्याबोलण्याची टवाळी, लहान वयात सोसावे लागलेले अत्याचार, पुढे महाविद्यालय, नृत्याचे वर्ग, आणि अखेरीस हिजडा समाजाचा स्वीकार, असा या कथनाचा क्रम आहे. याच प्रकारच्या इतर कथांहून त्याचे वेगळेपण एका गोष्टीत आहे: लक्ष्मी यांनी गुरू केला, पण जन्मघर सोडले नाही, किंवा अधिक खरे बोलावयाचे तर, जन्मघराने त्यांस सोडले नाही. धक्का बसूनही आईबापांनी दार लावून घेतले नाही. मध्यमवर्गीय वाचकास या पुस्तकात पुष्कळ काही चमत्कारिक वाटेल. पण खरोखर चमत्कारिक जर काही असेल तर हे साधे, उघडे दार होय.

ते तसे का म्हणावे, हे ए. रेवती यांच्या आत्मकथनाशी तुलना केली म्हणजे ध्यानात येते. मूळ तमिळमध्ये लिहिलेले हे कथन व्ही. गीता यांच्या भाषांतराने २०१० साली इंग्रजीत आले. तमिळनाडूतील एका खेड्यातल्या या मुलास घर सोडावे लागले, भावांच्या हातचा मार खावा लागला, दिल्ली आणि मुंबई पाहावी लागली, आणि पुन्हा पुन्हा त्याच घराच्या उंबऱ्याशी यावे लागले. रेवतींच्या कथेत घर ही परत परत हरण्याची जागा आहे. लक्ष्मींच्या कथेत ती पाठीशी असलेली भिंत आहे. एकीस सार्वजनिक व्यासपीठावर निर्धास्तपणे उभे राहता आले आणि दुसरीच्या आयुष्याची उमेदीची वर्षे नुसते जगण्यात गेली, यात स्वभावाचा भाग असेल. परंतु घराचा भाग त्याहून मोठा असावा असे मला वाटते.

लक्ष्मींच्या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात परिषदा, परदेशगमन, मानसन्मान यांची गर्दी होते. पूर्वार्धात जी व्यक्ती आपणांशी बोलत होती ती आता सभेस उद्देशून बोलू लागते. दुसऱ्याच्या लेखणीने उतरलेल्या आत्मकथनात हा धोका नेहमीचाच आहे. तथापि शब्दांकन करणारीचे काम येथे किती नाजूक होते, हेही विसरता कामा नये. ज्या बालपणात सारे जग ‘तो’ म्हणत होते, आणि ज्या प्रौढपणात मोठ्या कष्टाने ‘ती’ हे संबोधन मिळविले, त्या दोहोंमधून मराठी वाक्यास चालत जावयाचे होते. २०१५ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले. ते वाचणारास या वाटचालीच्या खुणा दिसण्याचा संभव नाही, कारण इंग्रजी क्रियापद त्या दाखवूच शकत नाही. या विषयावर मराठीत लिहिणारास इंग्रजीपेक्षा अधिक सत्य सांगावे लागते.

(३)

याच्या अगदी उलट टोकास राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस, गडहिंग्लजच्या बाजूस, सौंदत्तीच्या यल्लम्मास मुले-मुली वाहण्याची जी चाल होती, तिचे चित्र गवसांनी ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीच्या बाजूने काढले आणि ‘भंडारभोग’मध्ये जोगत्याच्या बाजूने. या दोन कादंबऱ्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला आणि उपेंद्र लिमये यांच्या तायाप्पाने ही वेदना शहरांतील प्रेक्षकांपर्यंत नेली. त्यात तायाप्पा हा मनाने आणि देहाने पुरुष आहे. देवीचे बोलावणे आले असे घरच्यांनी, गावाने आणि पुजाऱ्यांनी ठरविले, म्हणून त्याने लुगडे नेसावयाचे, हातात चौंडकं घ्यावयाचे आणि दारोदार जोगवा मागावयाचा. त्याचे पौरुष त्याच्यापासून कोणी हिरावून घेतले असेल, तर ते एका वस्त्राने.

वरवर पाहता तायाप्पा आणि लक्ष्मी यांची जात एकच, अशी समजूत होते: दोघेही लुगड्यातले पुरुष! रस्त्यावरून जाणारा मनुष्य दोघांकडे एकाच नजरेने पाहील आणि एकच शब्द उच्चारील. परंतु वाङ्मयाच्या वाचकास हा घोटाळा करण्याची मुभा नाही. एकाच्या अंगावर लुगडे लादले आहे, म्हणून तो तळमळतो. दुसरीच्या अंगावर पुरुषाचे कपडे लादले होते, म्हणून ती तळमळली. लुगडे हे एकाचे बंधन आणि दुसरीची मुक्ती. मग दोघांच्या दुःखात समान काय? समान एवढेच की, ‘तू कोण आहेस’ या प्रश्नाचे उत्तर ज्यास विचारावयास हवे होते त्यास कोणी विचारलेच नाही. ते घराने दिले, गावाने दिले, देवाच्या नावाने दिले.

हा मुद्दा ध्यानात आला म्हणजे एक नेहमीचा आक्षेप आपोआप गळून पडतो. पुष्कळ सज्जन लोक असे म्हणतात की, ज्याने त्याने आपले लिंग आपणच सांगावे असे ठरविले तर समाजाची घडी विस्कटेल. जे निसर्गाने ठरविले ते पाळणेच बरे. तायाप्पास या युक्तिवादाने काय लाभले? निसर्गाने त्यास पुरुष केले होते आणि समाजाने बायकी वेष दिला. तेव्हा निसर्गाचा कैवार घेऊन कोणीही पुढे आले नाही. समाजास निसर्गाचा आदर असतो असे नव्हे. आपण दिलेला निकाल फिरू नये, एवढीच त्याची इच्छा असते. स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला तर तो जसा लक्ष्मीस तारतो, तसाच तायाप्पासही तारतो. एकाच तत्त्वाने दोन परस्परविरोधी दुःखांचा परिहार होत असेल, तर ते तत्त्व बहुधा खरे असते.

(४)

आमच्या पांढरपेशा समाजाने या प्रश्नाकडे पाठ फिरविली होती असेही म्हणता येत नाही. त्याने त्याकडे रंगभूमीच्या प्रकाशात पाहिले. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी आमच्या आज्या-पणज्या रडल्या. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल घराघरांतून झाली. पुरुषाने स्त्रीत्वाचा आदर्श घालून द्यावा आणि कुलस्त्रियांनी तो गिरवावा, यात कोणास काही विपरीत वाटले नाही. बालगंधर्व हे थोर नट होते आणि ते स्त्रीची भूमिका करीत होते, एवढेच. त्यांच्याविषयी दुसरा कोणताही तर्क करण्याचे कारण नाही. माझे बोलणे प्रेक्षकांविषयी आहे. ज्या हातांनी टाळ्या वाजविल्या, त्याच हातांनी दारात आलेल्या हिजड्याच्या टाळीस घाबरून कडी लावली.

या विसंगतीचा सर्वांत तीक्ष्ण वाङ्मयीन विचार सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ या १९७९च्या नाटकात झाला आहे. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून पोट भरणारा म्हातारा बर्वे. त्यास पिळणारा श्यामराव. आणि शेजारी दोन कारकून. बर्वे नाट्यपदांच्या आधाराने स्वप्नात शिरतो, कारकुनांचे स्वप्न त्याच्या स्वप्नात मिसळते, आणि काही काळ लग्न, संसार, डोहाळे असे सारे काही घडते. मग ते मोडते. या नाटकावर संगीत रंगभूमीचे विडंबन म्हणून पुष्कळ चर्चा झालेली आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पडदा वर असेतोवर समाज बर्वेस ‘ती’ म्हणावयास राजी आहे, कारण तेथे ते म्हणणे खोटे आहे हे सर्वांस ठाऊक असते. पडदा पडल्यावरही ती ‘ती’च असू इच्छिते, हा तिचा अपराध. आम्ही स्त्रीत्वाच्या सोंगास बक्षिसे दिली. ते सोंग नव्हे असे कोणी म्हणताच मात्र शिक्षा दिली.

अलीकडे दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या कवितासंग्रहासारखी पुस्तके येऊ लागली आहेत आणि दुसऱ्याच्या शब्दांकनाची गरज न लागता हा आवाज स्वतः लिहू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एक उणीव नजरेआड करता येत नाही. ज्यांस जन्मतः मुलगी म्हणून नोंदले आणि जे स्वतःस पुरुष समजतात, त्यांचे मराठी वाङ्मयातील चित्र मला जवळजवळ कोठेच आढळले नाही. त्यांस टाळी नाही, पंथाचे घर नाही, पुराणातला आशीर्वाद नाही. दाराआड कोंडलेल्या मुलीचा आवाज जसा रस्त्यावर येत नाही, तसा त्यांचाही आलेला नाही.

(५)

आता कायद्याकडे वळू. या देशातील सरकारने या मंडळींची दखल प्रथम घेतली ती संशयित म्हणून. १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात एक स्वतंत्र भाग यांच्यासाठी होता. संशयितांची नावे व मालमत्ता नोंदवहीत लिहावयाची. नोंद झालेला मनुष्य स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसला तर त्यास वॉरंटाशिवाय पकडावयाचे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावयाची. त्यास दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. कोण या वर्गात मोडतो हे ठरविण्यासाठी त्याची कबुली किंवा वैद्यकीय तपासणी, असे दोन मार्ग सांगितले होते. म्हणजे ‘मी’ म्हणण्याची मुभा होती, पण ती गुन्ह्याच्या कबुलीपुरती.

त्यानंतर १४३ वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. लक्ष्मी त्रिपाठी या प्रकरणात मध्यस्थ पक्षकार होत्या, आणि त्यांच्या बालपणाची हकीकत निकालपत्रात आलेली आहे. हा निकाल वाङ्मयाच्या वाचकाने अवश्य वाचावा. पुरुष, स्त्री अथवा तिसरे लिंग यांपैकी आपण कोण हे ठरविण्याचा हक्क ज्याचा त्यास आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा होय. आणि सरकारने या वर्गास शिक्षणात व नोकरीत मागास वर्गांप्रमाणे सवलती द्याव्यात, असे त्यात सांगितले. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, न्यायालयाने लिंगाचा प्रश्न तृतीयपुरुषातून काढून प्रथमपुरुषात आणला.

पुढे संसदेने केलेल्या कायद्याने तो थोडा मागे नेला. २०१९च्या अधिनियमात स्वतःस जाणवणाऱ्या लिंगाचा हक्क शब्दांत मान्य केला होता. त्याच्या पूर्वीच्या मसुद्यातील जिल्हा छाननी समितीही वगळली होती. परंतु त्याच अधिनियमात असेही लिहिले गेले की, तृतीयपंथी म्हणून ओळख हवी तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावे, आणि पुरुष किंवा स्त्री म्हणून हवी तर शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय दाखला जोडून सुधारित प्रमाणपत्र मागावे. न्यायालयाने जी अट बेकायदा म्हटली होती, ती मागील दाराने घरात आली. अर्जेंटिनाने २०१२ साली केवळ व्यक्तीच्या निवेदनावर नोंद बदलण्याचा कायदा केला, तेव्हा आभाळ कोसळले नाही; यास्तव आमच्या कायद्यातील ही भीती अनाठायी होती, असे म्हणावे लागते.

तपासणीची ही हौस आमच्याकडे जुनी आहे. महाभारतातील शिखंडीची कथा या दृष्टीने कोणी पुन्हा वाचावी. द्रुपदाची कन्या म्हणून जन्मलेली शिखंडिनी पुत्र म्हणून वाढते, तिचे लग्न होते, आणि सासरा दशार्णराज हिरण्यवर्मा क्रुद्ध होऊन चालून येतो. स्थूण नावाच्या यक्षाने आपले पुरुषत्व तिला दिल्यावर, तो राजा चाणाक्ष स्त्रियांस पाठवून जावयाची परीक्षा करवितो. परीक्षा उतरते, राजा संतुष्ट होऊन परत जातो. आजच्या भाषेत शिखंडीस प्रमाणपत्र मिळाले. परंतु कुरुक्षेत्रावर भीष्मासमोर ते प्रमाणपत्र चालले नाही. जो पूर्वी स्त्री होता त्यावर मी शस्त्र उचलणार नाही, असे म्हणून पितामहांनी त्यास जन्माच्या नोंदीवरच ठेवले. परीक्षा दिली, दाखला मिळाला, रणांगणात उभा राहिला, तरीही समाजातील सर्वांत आदरणीय मनुष्य त्यास पूर्वीच्याच नावाने ओळखतो! आणि आमच्या वर्तमानपत्रांनी ‘शिखंडी’ हा शब्द भेकडासाठी राखून ठेवला.

भीष्म अद्यापि अनेक कचेऱ्यांतून बसलेले आहेत. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांच्या राखीव जागेसाठी अर्ज भरला, तो निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारावयास लाविला. आणि विशेष हे की, त्या गावच्या मतदारांनी तिला निवडून दिले. अधिकाऱ्यास जे समजावयास न्यायालय लागले, ते मतदारांस न्यायालयावाचून समजले. २०११च्या खानेसुमारीत स्त्री-पुरुषांच्या रकान्यांपलीकडे ‘इतर’ म्हणून ४,८७,८०३ माणसे मोजली गेली. त्यांतील ४०,८९१ महाराष्ट्रातली. ‘इतर’ म्हणावयास न धजलेले किती असतील, ते निराळेच. त्या प्रत्येकास खटला लढणे शक्य नाही. त्यांचे भवितव्य शाळामास्तर, घरमालक, परिचारिका, कारकून आणि आम्ही प्राध्यापक यांच्या हाती आहे.

(६)

‘आम्ही प्राध्यापक’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गास मी ‘माझे बालपण’ हा निबंध घातला होता. एका विद्यार्थ्याची वही माझ्यापुढे आली. पटावर मुलाचे नाव; हस्ताक्षर नेटके; भाषा चांगली. परंतु सर्व निबंधभर क्रियापदे स्त्रीलिंगी. मी तांबडी शाई घेतली आणि शिक्षकाच्या नित्याच्या निष्ठेने ‘ले’चा ‘लो’ करीत गेलो. खाली शेरा लिहिला: ‘लिंगाकडे लक्ष द्यावे.’ सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा लागून गेला होता. मी तो वर्तमानपत्रात वाचलाही होता, आणि मला तो पसंतही पडला होता.

मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्मानुसार चालतात, हे वाचक जाणतातच. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी शाळा सोडली’ या वाक्यांत बोलणाराचे लिंग कळत नाही. ते कळते अकर्मक क्रियापदांत, आणि शिकणे, विसरणे, बोलणे अशा काही थोड्या सकर्मकांत. सबब त्या वहीत मला दुरुस्त करावयास सापडलेली क्रियापदे मोजकीच होती. पुढे पुष्कळ दिवसांनी लक्ष्मींचे पुस्तक हाती आले, तेव्हा ती वही मला एकाएकी आठवली. आणि माझ्या तांबड्या शाईखालची क्रियापदे एका मागोमाग एक आठवू लागली: लपले, पळाले, पडले, रडले, बोलले नाही. तो निबंध मी वाचला होता, पण त्यातली क्रियापदे मी केवळ तपासली होती. वही परत दिल्यानंतर तो विद्यार्थी—ती विद्यार्थिनी—माझ्या तासास फार दिवस आली नाही. पुढच्या सत्रात पटावर ते नाव नव्हते. त्याचे कारण माझा शेराच होय असे म्हणण्याचा अहंकार मी करीत नाही. त्या घरात, त्या गावात, वसतिगृहात काय काय घडले असेल ते मला ठाऊक नाही. परंतु जी एक जागा तिने आपले क्रियापद आपण लिहून पाहण्यासाठी निवडली होती, त्या जागेवर ते खोडणारा मनुष्य मी होतो.

व्याकरण म्हणून मी काय चूक केली, याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. मी समजत होतो की क्रियापदाचा अन्वय पटावरील नावाशी असतो. तो तसा नसतो. कर्तरी प्रयोगात क्रियापदाचा अन्वय कर्त्याशी असतो, हा नियम मी स्वतः वर्गात पंचवीस वर्षे शिकवीत आलो आहे. आणि त्या निबंधाचा कर्ता पट नव्हता. ‘मी’ हा शब्द ज्याने उच्चारला, त्या ‘मी’चे लिंग त्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचा संभव नाही. ‘तू’ आणि ‘तो’ हे शब्द इतरांचे. त्यांनी एवढेच करावयाचे की, बोलणाराने जे रूप सांगितले त्याशी आपली रूपे जुळवून घ्यावयाची. कायदा या कामी पुष्कळ करू शकेल: प्रमाणपत्राची कटकट कमी करील, शाळेतील आणि रुग्णालयातील नोंदी सुधारील, अपमान करणाऱ्यास शिक्षा देईल. तथापि जो समावेश मनुष्यास रोज सकाळी लागतो, तो हजेरी घेताना, भाडेकरू ठेवताना, तिकीट देताना आणि पंगतीत पान मांडताना होतो किंवा होत नाही.

या विषयावरील मराठी पुस्तके आमच्या घरांत अद्यापि चोरून वाचली जातात. ती उघड वाचली जावीत, आणि मुलांच्या हाती द्यावीत, असे मला वाटते. त्यांत बीभत्स असे जे काही आढळेल, ते बहुतांशी आपण केलेले आहे. आणि जे सुंदर आढळेल, ते आपणांवाचून उभे राहिलेले आहे. माझ्यापुरते म्हणावयाचे तर, निबंध तपासताना लिंगाची म्हणून जी चूक दिसेल, ती दुरुस्त करण्यापूर्वी मी आता लिहिणाराशी एकवार बोलून घेतो.